चेंडू जिच्या हाती, संघ तिच्या भरवशावर

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काही आपल्या कामाचं नाही. विषय आहे बास्केटबॉल. पण तो निघाला आपल्याच एका गटाच्या बैठकीत, म्हणून तुमच्यापुढं मांडतो आहोत.

झालं असं. हप्ते गोळा झाले, वही भरून झाली, चहा आला. तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "माझी पोरगी शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. तालुक्याला पाच सामने झाले. बाकीच्या पोरी टोपलीत चेंडू टाकतात, त्यांच्यासाठी टाळ्या पडतात. हिच्या नावावर पाच सामन्यांत मिळून सहा गुण! नुसती चेंडू घेऊन येते आणि दुसरीच्या हातात देते. तिचे वडील म्हणतात, काही जमतच नसेल तर बुटांचा आणि एसटीचा खर्च कशाला? बंद करा खेळ. आता तुम्हीच सांगा, ही नेमकं खेळते तरी काय?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. कबड्डीचं किंवा खो-खोचं विचारलं असतं तर चार गोष्टी सांगितल्या असत्या. शेवटी मुलीलाच विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, "काकू, मी पॉइंट गार्ड आहे." आईला ते कळलं नाही आणि आम्हालाही नाही. तेव्हा ठरवलं, आधी आपण समजून घ्यायचं आणि मगच बोलायचं. पुढचे काही आठवडे आम्ही मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचे सामने पाहिले. हा खेळ जन्मला तिकडंच, आणि तिथं मुलींच्या सामन्यांना आता मोठमोठी सभागृहं भरतात. जे समजलं, ते आज सांगतो.

खेळ कसा असतो

बास्केटबॉलचं मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. दोन्ही टोकांना जमिनीपासून १० फुटांवर लोखंडी कडं आणि त्याला जाळी. प्रत्येक संघाच्या पाच जणी मैदानात. चेंडू घेऊन चालायचं तर तो जमिनीवर आपटत, टप्पे देत न्यायचा. टप्पे थांबवले की मग पास द्यायचा नाहीतर जाळीत टाकायचा, पुन्हा टप्पे सुरू करता येत नाहीत. जवळून टाकला तर २ गुण आणि २२ फुटांहून थोड्या लांबच्या रेषेबाहेरून टाकला तर ३ गुण.

तिथल्या कॉलेजच्या मुलींच्या सामन्यात दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात. चेंडू हाती आला की ३० सेकंदांच्या आत तो कड्याकडे मारायलाच हवा. त्यातही पहिल्या १० सेकंदांत आपला अर्धा भाग ओलांडून पुढं जायचं. नाही जमलं, तर चेंडू समोरच्या संघाला.

पाच जणींत सहसा दोन उंच मुली जाळीपाशी असतात, दोन जणी बाजूनं धावतात आणि लांबून मारतात. आणि एक जण चेंडू घेऊन येते. कुणी कुठं उभं राहायचं, कोणता डाव लावायचा, चेंडू कधी आणि कुणाला द्यायचा, हे ती ठरवते. तीच पॉइंट गार्ड. लग्नघरात एखादी काकू असते बघा. ती पंगतीला बसलेली दिसत नाही, पण वाढायला कोण, पाण्याला कोण, कुठली भाजी संपत आली, हे सगळं तिला ठाऊक असतं. पॉइंट गार्ड ती काकू. फरक इतकाच, की हिच्याकडं ३० सेकंद असतात आणि समोरची एक मुलगी सारखी तिच्या हातातलं भांडं हिसकावायला बघत असते.

हे काम बायकांना मिळालं कधी

हा इतिहास ऐकून आम्हाला फार आश्चर्य वाटलं. बास्केटबॉल १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं शोधला. पहिल्यांदा जाळीऐवजी पीच नावाच्या फळाच्या टोपल्या टांगल्या होत्या. दुसऱ्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजातल्या सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो मुलींना शिकवायला घेतला. मुलींनी धावणं, घामाघूम होणं त्या काळी तिकडंही शोभत नसे. म्हणून तिनं नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले आणि ज्या मुलीचा जो भाग, तिनं तिथंच राहायचं. चेंडू हिसकावायचा नाही. तीनपेक्षा जास्त टप्पे द्यायचे नाहीत. १८९३ मध्ये मुलींचा पहिला सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत येऊ दिलं नव्हतं.

तिनं वाट काढली, हे खरंच. पण पुढं कित्येक वर्षं बायकांचा बास्केटबॉल असाच रेषा आखून खेळला गेला. नंतर तीनऐवजी दोन भाग झाले, संघात सहा जणी आल्या. तिघींनी फक्त अडवायचं, तिघींनी फक्त गुण करायचे. मधली रेषा ओलांडायची नाही. आता विचार करा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू नेणारी, सगळ्या मैदानाचा कारभार बघणारी मुलगी अशा खेळात असणार कशी? तिला जागाच नव्हती.

१९७१ मध्ये कॉलेजच्या मुलींसाठी पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ आला. १९७२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही. तो खेळालाही लागू झाला, आणि हळूहळू मुलींना खेळावर शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९८२ पासून कॉलेजांची मोठी राष्ट्रीय संस्था मुलींची अजिंक्यपद स्पर्धा घेऊ लागली. आयोवा राज्यात तर शाळेच्या मुली १९९३ पर्यंत सहा जणींचा, अर्ध्या मैदानाचा खेळ खेळत होत्या. त्याच आयोवात २००२ साली जन्मलेल्या केटलिन क्लार्क या मुलीनं पुढं सगळ्या देशाला वेड लावलं. तिची गोष्ट पुढं येईल.

चांगली पॉइंट गार्ड ओळखायची कशी

पहिली गोष्ट, चेंडू हातात पण नजर वर. नवखी मुलगी टप्पे देताना चेंडूकडं बघते. डोक्यावर हंडा, कडेवर पोर आणि बोलणं शेजारणीशी, असं चालणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. हंड्याकडं कोण बघतं? तसा चेंडू अंगवळणी पडावा लागतो, आणि तोही दोन्ही हातांनी. उजव्याच हातानं टप्पे देणारीला समोरची मुलगी लगेच ओळखते आणि उजवी बाजू बंद करते.

दुसरी गोष्ट, मैत्रीण आत्ता कुठं आहे हे न बघता ती पुढच्या क्षणी कुठं असेल, तिथं चेंडू टाकणं. यात एक डाव वारंवार दिसतो. उंच मैत्रीण येते आणि पॉइंट गार्डला अडवणाऱ्या मुलीच्या वाटेत खांबासारखी उभी राहते. याला स्क्रीन म्हणतात, आपण आडोसा म्हणू. आडोसा मिळाला, की समोरच्या दोघींचा क्षणभर घोळ होतो. कुणी कुणाला धरायचं? तेवढ्या क्षणात पॉइंट गार्डला ठरवायचं असतं, स्वतः जाळीकडं घुसायचं, लांबून मारायचं, आडोसा देऊन आत पळालेल्या मैत्रिणीला द्यायचं, की कोपऱ्यात मोकळ्या राहिलेल्या तिसरीला. चारही वाटा तिला एकदम दिसल्या पाहिजेत.

ज्या पासवर लगेच गुण होतो, त्याला असिस्ट म्हणतात आणि तो देणारीच्या नावावर लिहिला जातो. पेन स्टेट विद्यापीठाच्या सुझी मॅककॉनेलनं १९८४ ते १९८८ या चार वर्षांत १,३०७ असिस्ट दिले. उंची फक्त ५ फूट ५ इंच! दुसऱ्यांच्या हातून झालेल्या गुणांसाठी तिचं नाव आजही घेतलं जातं.

तिसरी गोष्ट, वेळेचं भान. कधी पळायचं आणि कधी दमानं घ्यायचं, हे तिला कळलं पाहिजे. आपला संघ पुढं असेल तर घाई नको. समोरच्या दमल्या असतील तर पळवायचं. कुणाचे किती फाऊल झाले, हेही लक्षात ठेवायचं, कारण पाच फाऊल झाले की ती मुलगी बाहेर. आपल्या एखादीला बराच वेळ चेंडू मिळाला नसेल, तर एक डाव तिच्यासाठी लावायचा. नाहीतर तिचं मन खेळातून उडतं. गटात सुद्धा जिला कधी बोलायलाच मिळत नाही, ती हळूहळू बैठकीला यायची बंद होते, तसंच हे.

चौथी गोष्ट, बोलणं. सामन्यात पॉइंट गार्ड सतत बोलत असते, हातानं खुणा करत असते. चुकलेलीला धीर देते, आणि वेळ पडली तर दटावते. लाजून गप्प बसणाऱ्या मुलीला हे काम जमत नाही. पण हे काम करता करता लाजरी मुलगी बोलकी होते, असंही तिथले शिक्षक सांगतात.

पाचवी गोष्ट, सांभाळून वागणं. जितके असिस्ट मोजतात, तितक्याच वेळा चेंडू फुकट गेला, हेही मोजतात. त्याला टर्नओव्हर म्हणतात. एकदा चेंडू गमावला तर निदान दोन असिस्ट हवेत, आणि तीन असतील तर उत्तमच, असा साधा हिशेब धरतात. पण यात एक गोम आहे. जी कधी धोका पत्करतच नाही, तिचा हिशेब चोख दिसतो आणि संघ मात्र पुढं सरकत नाही. केटलिन क्लार्क २०२३-२४ च्या हंगामात दर सामन्याला जवळपास ९ असिस्ट देत होती आणि साडेचारहून जास्त वेळा चेंडू गमावतही होती. म्हणून आकडा बघताना तिच्यावर भार किती होता, तेही बघावं लागतं.

सहावी गोष्ट, स्वतः गुण करता येणं. हे का हवं, ते एका खऱ्या प्रसंगावरून सांगतो.

दोन वर्षं आणि दोन सामने

२०२३ च्या उपांत्य सामन्यात क्लार्कच्या आयोवा संघासमोर साउथ कॅरोलिना होता. साउथ कॅरोलिना त्या हंगामात एकदाही हरलेला नव्हता. त्यांच्याकडं रेव्हन जॉन्सन नावाची तरुण पॉइंट गार्ड होती. सामन्यात एकदा तिच्याकडं लांबवर चेंडू आला, तेव्हा क्लार्क तिला अडवायला पुढं गेलीच नाही. हातानं झिडकारल्यासारखी खूण करून मागंच थांबली. अर्थ उघड होता, तू मार खुशाल, तुझ्यानं होणार नाही. पॉइंट गार्डला नेम नसला की असं होतं. तिला अडवणारी मुलगी मोकळी होते आणि दुसरीकडं जाऊन गर्दी करते. मग पाच जणींविरुद्ध चारच जणी खेळल्यासारखं होतं. त्या दिवशी क्लार्कनं ४१ गुण केले आणि आयोवानं ७७-७३ असा सामना जिंकला.

तो प्रसंग मोबाइलवर लाखो लोकांनी पाहिला. आपण त्यानं खचून गेलो होतो, असं रेव्हननं नंतर स्वतःच सांगितलं. पण तिनं खेळ सोडला नाही. नेमबाजीवर मेहनत घेतली आणि पुन्हा उभी राहिली.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. क्लार्कनं पहिल्या दहा मिनिटांतच १८ गुण केले. तिला अडवायचं मुख्य काम होतं रेव्हनकडं. उरलेल्या तीस मिनिटांत क्लार्कला फक्त १२ गुण करता आले. मध्यंतराच्या थोडं आधी तर रेव्हननं क्लार्कच्या हातातलाच चेंडू काढून घेतला आणि धावत जाऊन जाळीत टाकला. साउथ कॅरोलिना ८७-७५ असा जिंकला, सगळ्या हंगामात ३८ पैकी ३८ सामने! सर्वांत जास्त गुण करणाऱ्यांत रेव्हनचं नाव नव्हतं. पण तिनं काय केलं, ते मैदानात सगळ्यांनी पाहिलं. म्हणून अडवणं ही सातवी गोष्ट. समोरच्या पॉइंट गार्डला सुखानं श्वास घेऊ न देणं, हेही पॉइंट गार्डचंच काम.

हा सामना अमेरिकेत सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. मुलींच्या अंतिम सामन्याला मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त प्रेक्षक मिळाले, ते पहिल्यांदाच. क्लार्क त्या दिवशी हरली, पण कॉलेजच्या चार वर्षांत तिनं ३,९५१ गुण केले होते. तिथल्या मोठ्या कॉलेजांच्या खेळात एवढे गुण तिच्याआधी मुलीनंच काय, मुलानंही केले नव्हते.

त्या सामन्यात आणखी एक पॉइंट गार्ड होती, पण ती मैदानाबाहेर उभी होती. साउथ कॅरोलिनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली. फिलाडेल्फिया शहरातल्या गरीब वस्तीत त्या वाढल्या, गल्लीतल्या मुलांबरोबर खेळून शिकल्या. उंची ५ फूट ६ इंच. व्हर्जिनिया विद्यापीठाला त्यांनी तीन वर्षं ओळीनं शेवटच्या चार संघांत नेलं, पण अजिंक्यपद एकदाही मिळालं नाही. १९९१ चा अंतिम सामना तर जादा वेळेत तीन गुणांनी हातचा गेला. तरीही त्या स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती हरलेल्या संघातल्या स्टेलींची. पुढं ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं मिळाली, आणि खेळाडू म्हणून जे हुकलं होतं, ते प्रशिक्षक म्हणून २०१७, २०२२ आणि २०२४ असं तीनदा मिळवलं. मैदान वाचायची सवय लागली की ती खेळ थांबल्यावरही सुटत नाही.

गुडघ्याची काळजी

एक गोष्ट आयांसाठी. अचानक थांबणं, वळणं आणि उडी मारून खाली येणं, यात गुडघ्याच्या आतला एक महत्त्वाचा बंध तुटू शकतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते. कनेटिकट विद्यापीठाची नामवंत पॉइंट गार्ड सू बर्ड हिचा गुडघा पहिल्याच वर्षी, आठ सामन्यांनंतर असाच गेला. बाकीचा हंगाम बसून काढावा लागला. पण नीट उपचार आणि व्यायाम करून ती परतली, २००० आणि २००२ मध्ये संघाला अजिंक्यपद मिळालं, आणि पुढं तिनं ऑलिंपिकची पाच सुवर्णपदकं मिळवली.

म्हणून मुलीचे बूट मापाचे आणि न घसरणारे असू द्या. खेळाआधी अंग मोकळं करणं, मांड्यांचे व्यायाम, उडीनंतर गुडघे वाकवून आणि आत न झुकवता उतरणं, हे शिक्षकांकडून शिकून घ्यायला सांगा. गुडघ्यात कट्‌कन आवाज येऊन सूज आली, तर नुसतं तेल चोळून खेळायला पाठवू नका. डॉक्टरांना दाखवा.

पुन्हा त्या ताईंकडं

हे सगळं समजून घेतल्यावर आम्ही त्या ताईंना म्हणालो, पुढच्या सामन्याला तुम्ही स्वतः या आणि येताना वही-पेन आणा. वहीत चार रकाने पाडले. लेकीनं दिलेल्या चेंडूवर दुसरीनं गुण केला की पहिल्या रकान्यात रेघ. लेकीच्या हातून चेंडू फुकट गेला की दुसऱ्यात. तिनं समोरच्यांचा चेंडू काढून घेतला की तिसऱ्यात. आणि तिनं स्वतः गुण केले की चौथ्यात. बचत गटाचा हिशेब लिहिणारा हात तो, एक रेघ चुकली नाही.

सामना संपला तेव्हा चौथ्या रकान्यात दोनच गुण होते. पहिल्या रकान्यात अकरा रेघा होत्या. दुसऱ्यात चार, तिसऱ्यात पाच. ताई बराच वेळ वहीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अकरा वेळा टाळ्या दुसरीला पडल्या, पण चेंडू माझ्या पोरीनं दिलेला होता." वही त्यांनी घरी नेली आणि मुलीच्या वडिलांपुढं ठेवली. ते काय म्हणाले, ते आम्हाला ठाऊक नाही. एवढं मात्र खरं, की पुढच्या सामन्याला मुलगी नवे बूट घालून आली होती.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातली मुलगी कोणताही खेळ खेळत असो, एकदा तरी मैदानाच्या कडेला जाऊन बसा. गुण कुणी केला, हे सगळेच बघतात. त्याच्या आधी चेंडू कुणाच्या हातातून आला, ते आपण बघूया. आणि घरी आल्यावर "किती गुण केलेस?" एवढंच न विचारता "आज कुणाकुणाला खेळवलंस?" असंही विचारूया. चला, पुढच्या वेळी भेटू. नमस्कार!